टोचलं तरी काढू नका

आम्ही त्या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या खोलीत भांडण लागलं. मधली भिंत एका विटेची, तिला कान लावायची गरज नव्हती. उलट ऐकू येऊ नये म्हणून मी भांडी घासायला घेतली, तरी येतच राहिलं. नवरा म्हणत होता, पलीकडच्या राज्यात मोठ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालंय, राहायला खोली देतायत, चल. बायको म्हणत होती, मी येणार नाही, माझं काम इथे आहे. तो आधी समजावणीच्या सुरात बोलला, मग आवाज चढला, मग तिच्या कामावरच घसरला.

"दात कोरून पोट भरत नसतं," तो म्हणाला.

"कोरून नाही भरत. बसवून भरतं," ती म्हणाली.

मला राखेच्या हातांनीच हसू आलं. पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण तान्ही पोर रडायला लागली आणि दोघंही गप्प झाली. थोड्या दिवसांनी तो एक ट्रंक घेऊन गेला. आधी महिन्याला फोन यायचा, मग सहा महिन्याला, मग तिकडेच त्याचं दुसरं बिऱ्हाड झाल्याचं कानावर आलं. तिने आरडाओरडा केला नाही. त्याचे राहिलेले कपडे फाडून कामावरचं यंत्र पुसायला घेतले.

सगळे तिला दातवाली म्हणायचे. नाव होतं, पण ते लाइटच्या बिलावर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. पुढे पेशंटची खुर्ची, मध्ये हिरवा पडदा आणि पडद्यामागे हिची खोली. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे आणि ते पडद्याच्या फटीतून आत सरकवायचे. मग ही त्यात प्लॅस्टर ओतायची, साचा काढायची, साच्यावर मेण चढवायची, मेणात एकेक दात रोवायची. मग मेण काढून त्या जागी गुलाबी हिरडी शिजवायची आणि शेवटी यंत्रावर घासून कवळी अशी चकचकीत करायची की बघणाऱ्याला वाटावं, आपलेही दात पडले तर बरं. तयार कवळी पाण्याच्या वाटीत घालून त्याच फटीतून बाहेर. निम्म्या वस्तीच्या तोंडात तिच्या हातचं काम होतं, पण तोंड तिने एकाचंही पाहिलं नव्हतं. बाजारात कुणी हसून नमस्कार केला तर ती गोंधळायची. म्हणायची, "मावशी, मला साचा दाखवा, कोण ते सांगते. चेहऱ्यावरून नाही ओळखता येत."

आत बसून तिला बाहेरचं एक वाक्य मात्र रोज ऐकू यायचं. नवी कवळी बसवली की डॉक्टर प्रत्येकाला मोठ्या आवाजात सांगायचे, कारण दात गेलेल्यांचे कानही बहुतेक गेलेलेच असतात. "पहिले काही दिवस टोचेल. टोचलं तरी काढू नका. सवय होईल." वर्षानुवर्षं ऐकून ते वाक्य तिच्या तोंडात बसलं ते बसलंच. कुणाची नवी चप्पल चावत असो, कुणाला नवी नोकरी नकोशी झालेली असो, ही म्हणायची, टोचलं तरी काढू नका. माझी सून नवी आली आणि आमच्या घरात खटके उडायला लागले, तेव्हा मलाही तिने हेच सांगितलं. सुनेलाही वेगळं गाठून हेच सांगितलं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

पोरीला सगळे बारकी म्हणायचे. ती त्या पडद्यामागेच वाढली. शाळेतून आली की स्टुलावर बसून अभ्यास करायची आणि आईचं यंत्र सुरू झालं की पाटीवर बसलेली धूळ फुंकून पुढचं लिहायची. कवळीला चकाकी आणायला एक करडी पूड लागते. ती ज्वालामुखीतून आलेल्या दगडाची असते, असं तिला कुणीतरी शाळेत सांगितलं, आणि तिथून त्या पोरीला दगडांचं वेड लागलं. येताजाता दगड उचलायची. तिच्या दप्तरात वह्या कमी आणि खडे जास्त. आई म्हणायची, दुसऱ्यांच्या पोरी डोक्यात भरून घेतात, आमची दप्तरात भरते. पण डोक्यातही होतं. बारावीला तिला असे मार्क पडले की डॉक्टरांनी पडदा बाजूला करून आत येऊन तिच्या पाठीवर थाप मारली. ते सहसा आत येत नसत, धुळीने त्यांना शिंका यायच्या.

आणि मग ते तीन कॉलेजांचं प्रकरण सुरू झालं. एक इथलंच, आमच्या बस थांब्यावरून दिसणारं. दोन परराज्यातली. तिन्हीकडून ॲडमिशन देतो म्हणून आलं होतं आणि तिन्हींपैकी एकाला हो म्हणायचं होतं. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर दुसरं काही बोलणंच नव्हतं. मी दुपारी पाय मोकळे करायला म्हणून दवाखान्याच्या मागच्या खोलीत जाऊन बसायची, तशी त्या दिवशीही बसले होते. आईचा चेहरा बघून बारकीने कपाटातून तीन नापास झालेल्या कवळ्या काढल्या आणि बाकावर ओळीने मांडल्या.

"ही आपल्या इथली," पहिलीवर बोट ठेवून ती म्हणाली. "बसते छान. पण चावता काही येत नाही. मला हवा तो विषय तिथे नाहीच."

दुसरी तिने हातात उचलून घेतली. या कॉलेजात मायलेकी जाऊन आल्या होत्या. एका रात्रीचा बसचा रस्ता. लहानसं कॉलेज, वर्गात मोजकी मुलं, आणि एका लांब खोलीत भिंतभर काचेची कपाटं, त्यात नुसते दगड. तिथल्या म्हाताऱ्या सरांनी कपाट उघडून एक दगड हिच्या हातात दिला आणि विचारलं, काय वाटतं? हिने चुकीचं सांगितलं. ते म्हणाले, छान चुकलीस, बस. येताना पूर्ण रस्ताभर पोरगी तेच सांगत होती. पण तिथली स्कॉलरशिप निम्मी. निम्मी फी माफ, बाकीची आणि हॉस्टेलची आपण भरायची.

"ही निम्मी," बारकी म्हणाली. "पण आई, ही माझ्या मापाची आहे."

तिसरी सगळ्यात मोठी होती. ते नावाजलेलं कॉलेज, आणखी लांब, भाषाही अगदीच वेगळी. सगळी फी माफ, हॉस्टेल माफ, जेवण माफ. अट एकच. दरवर्षी मार्क एका रेषेच्या वर राहिले पाहिजेत, रेषेखाली गेले की स्कॉलरशिप बंद. आणि पहिल्या वर्षी विषय ते देतील तो घ्यायचा, दगडांचं पुढे बघू.

"ही आख्खी," ती म्हणाली.

"आणि बसते का?" मी विचारलं.

"मोठी आहे आजी. तोंड मिटत नाही."

आम्ही दोघी हसलो. दातवाली हसली नाही. तिने तिसरी कवळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि अगदी कामाच्या आवाजात म्हणाली, मोठी असली तर घासून लहान करता येते, लहान असली तर तिला मोठी करता येत नाही. झालं. तिच्या धंद्यातला नियम होता तो. बाहेरून डॉक्टरांनीही आवाज दिला, नाव मोठं आणि वर फुकट, यात तोलायचं काय? मी आपलं म्हटलं, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. पण म्हणी सांगून कुठे ॲडमिशन होते?

दोन दिवसांनी दातवाली माझ्याकडे साखर मागायला आली आणि साखर न घेताच बसली. तिच्या मनात काय होतं ते तेव्हा बाहेर आलं. म्हणाली, मी एकदा नाही म्हटलं मावशी. त्या माणसासाठी मला वाईट वाटत नाही, तो गेला ते बरंच झालं. पण त्या नाहीवर मी अजून बसून आहे. पडद्यामागे आयुष्य गेलं. बाहेर काय असतं ते मी पाहिलंच नाही. मोठ्या जागेला घाबरून लहान जागा धरायची, हे माझ्यापुरतं पुरे, तिने नको. मी म्हटलं, अगं, मग तिलाच विचार ना नीट बसवून.

"माप घेताना कुणी विचारतं का मावशी? तोंडात साचा असतो. बोलता कुठे येतं?"

हे ती थट्टेने म्हणाली. तिच्याही लक्षात आलं नाही आपण काय बोललो ते.

बारकी मला जिन्यात भेटली. मी तिला आडून विचारलं, तर पायरीवर बसून चपलेचा अंगठा ओढत राहिली. म्हणाली, निम्मीला हो म्हटलं तर आई दुसऱ्या दवाखान्यांचंही काम आणेल, संध्याकाळचीही यंत्रावर बसेल. तिचा खोकला तू ऐकतेस ना आजी? आमची भिंत एका विटेची. मी ऐकत होतेच. ती धूळ नाकातोंडात जायची, फडकं बांधलं तरी जायची. सकाळी उठल्यावर कितीतरी वेळ भिंतीपलीकडून तेच ऐकू यायचं.

म्हणजे आईला वाटत होतं पोरीने मोठ्या जागेत जावं, आणि पोरीला वाटत होतं आईने धुळीत कमी बसावं. दोघींनी आपापल्या काळजावर दगड ठेवून एकाच कॉलेजला हो म्हटलं, आणि ते कॉलेज जिच्यासाठी, तिलाच नको होतं. ओठ आणि दात एका तोंडात राहूनही एकमेकांना विचारत नाहीत, तशातली गत. जाण्याआधी बारकीने त्या म्हाताऱ्या सरांना फोन करून येत नसल्याचं सांगितलं. ते म्हणाले, एक जागा मी थोडे दिवस अडवून ठेवतो. तिकडे नाहीच जमलं तर संकोच करू नकोस. यादी बंद व्हायच्या आत ये.

पोरगी गेली. दातवालीने तिच्या स्टुलावर मेणाची पेटी ठेवली.

फोन आला त्या दुपारी मी तिथेच होते. दातवालीने नुकतंच प्लॅस्टरमध्ये पाणी घातलं होतं. ज्याला ते काम माहीत नाही त्याला सांगते, प्लॅस्टरमध्ये पाणी पडलं की ते कुणासाठी थांबत नाही. घोटायचं, ओतायचं, ठोकायचं, तेवढाच अवकाश. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे. म्हणाली, मावशी, तो फोन तेवढा मोठ्या आवाजावर लावा. मी लावला आणि बाकावर ठेवला.

"आई, मला इथे नाही जमत."

"जेवण बरं नाही का तिथलं?" घोटता घोटता हिने विचारलं.

जेवणाचं नाही म्हणाली. वर्गात एवढी मुलं आहेत की सरांना कुणाचं तोंड दिसत नाही. भाषा कळायच्या आत तास संपतो. खोलीतल्या मुली आपसात बोलतात आणि ही आली की थांबतात. वाईट नाहीत, फक्त थांबतात. मग म्हणाली, ते दगडांचे सर अजून जागा ठेवून आहेत. या आठवड्यापुरती. मी कालच विचारलं.

"थांब, घट्ट होतंय," दातवाली म्हणाली. तिने भांडं उचललं, माप उचललं, ओतायला लागली. एका हाताने ओतायचं, दुसऱ्या हाताने ते माप बाकावर ठक ठक आपटायचं, म्हणजे आतले बुडबुडे वर येतात. पोरगी तिकडे थांबली होती. मला फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता.

"आई?"

"हे बघ बारके, सुरुवातीला टोचतं. सगळ्यांना टोचतं. काढायचं नाही. सवय होते."

"आई, पण मी जर..."

"आणि सुट्टीत लगेच पळत येऊ नकोस. मध्येच काढलं की पुन्हा पहिल्यापासून. कळलं का?"

पोरगी म्हणाली, बरं. एवढंच. मग म्हणाली, तू फडकं बांधतेस ना नाकाला? आणि फोन ठेवला.

त्या साच्यात बुडबुडा राहिलाच. डॉक्टरांनी पेशंटला पुन्हा बोलावून दुसरं माप घेतलं.

वर्ष सरलं आणि बारकी रेषेखाली गेली. फार नाही, अगदी नखभर. पण रेष ती रेष, तिला दयामाया कुठली. आख्खी स्कॉलरशिप गेली. म्हाताऱ्या सरांकडे विचारावं, तर तिथली निम्मी फक्त नव्या मुलांना, मध्येच येणाऱ्यांना नाही. शिवाय सरही तोवर घरी बसले होते. दातवालीने फोनवर सांगितलं, ये निघून, आपलं इथलं आहेच. तर ती म्हणाली, नको आई, लागतील ते पैसे मीच मिळवते. एका मोठ्या हॉटेलात, येणाऱ्याजाणाऱ्याला खोल्या देण्याच्या टेबलावर तिला काम मिळालं. आधी संध्याकाळचं, मग दिवसाचं. दिवसाचं काम लागल्यावर कॉलेज कधी करणार, असं मी विचारलं तर दातवाली म्हणाली, नाव काढलेलं नाही, नुसती थांबलीय. ते थांबणं मग तसंच राहिलं. सुट्टीत पळत येऊ नकोस असं सांगितलं होतं, ती सुट्टीतही आली नाही आणि सुट्टी नसतानाही नाही.

एक दिवस दातवाली माझ्या दारात उभी राहून म्हणाली, आज फोन आला होता. म्हणाली, आई, आता टोचत नाही. झाली सवय. हे सांगताना ती हसत होती. तिला खरंच वाटलं की पोर वळणावर आली. मीही म्हटलं, चला, बरं झालं.

पुढच्या हिवाळ्यात माझे उरलेसुरले दात गेले. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात, माझं हसू नुसतंच दिसायला लागलं. दातवालीने माझी कवळी अशी मन लावून केली की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा ती ओळखीच्या तोंडाचं काम करत होती. सारखी पडद्यातून डोकावून माझ्या तोंडाकडे बघायची. मी म्हटलं, अगं, नवरी आहे का मी? डॉक्टरांनी कवळी बसवली आणि ठरलेलं वाक्य ठरलेल्या आवाजात म्हणाले. टोचलं तरी काढू नका. मी मान डोलावली. मी म्हातारी म्हणून ते मला दारापर्यंत सोडायला आले, आणि दारात आवाज खाली आणून म्हणाले, "आजी, फारच दुखलं तर मात्र लगेच या हं. अंगावर काढू नका. इथल्या इथे घासून देतो. किती दुखतं ते तुम्हालाच कळणार, मला बाहेरून दिसत नाही."

मला ते चमत्कारिक वाटलं, म्हणून मागे फिरून मी पडद्याआड गेले आणि दातवालीला सांगितलं. तुमचे डॉक्टर आत एक बोलतात आणि दारात दुसरं. तिने यंत्र बंद केलं.

"दारात असं सांगतात?"

"मला तरी सांगितलं. सगळ्यांनाच सांगत असतील."

लोक परत येतात, डॉक्टर त्यांना खुर्चीत बसवून काहीतरी घासतात, हे तिला ठाऊक होतं. ते काम डॉक्टरच करायचे, तिच्यापर्यंत यायचं नाही. पुढे असं हळू सांगतात हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. दार लांब होतं आणि मध्ये यंत्र चालू असायचं.

"परत येतात ते कुरकुरे, असं वाटायचं मला मावशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बसने पोरीकडे गेली. एवढ्या वर्षांत गेली नव्हती. काम, खोकला, भाडं, काही ना काही निघायचंच. परत आली तेव्हा मी पाणी दिलं, ते तिने हातातच धरून ठेवलं. मग तुकड्यातुकड्याने सांगितलं. पोरगी भेटली. हॉटेलच्या त्या टेबलामागे उभी होती, केस चापूनचोपून, ओठांना रंग, हसरा चेहरा. तिकडच्या भाषेत फटाफट बोलत होती. आईला बघितल्यावर टेबलाला वळसा घालून आली, हातातली पिशवी घेतली, एका गुबगुबीत खुर्चीत बसवलं. सगळं अगदी नीट.

"मला म्हणाली, तुम्ही बसा ना. प्रवास कसा झाला तुमचा?" दातवाली म्हणाली. "तुम्ही म्हणाली मावशी. मला."

मी म्हटलं, अगं, दिवसभर पाहुण्यांशी तसंच बोलायचं, जीभ वळली असेल. तर म्हणाली, मलाही तसंच वाटलं. म्हटलं, आत्ता जीभ चावेल, हसेल, म्हणेल, अगं आई. मी वाट बघत बसले. तिच्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी तिच्या खोलीवर गेलो तिथेही तेच. तुम्ही पंख्याखाली झोपा. तुम्हाला साखर किती? मी म्हटलं, बारके, चल घरी. मी चुकले, मी तेव्हा ऐकून घ्यायला हवं होतं. तर तशीच हसली. त्या टेबलामागे हसते ना, तशी. म्हणाली, असं का म्हणता? इथे मला काहीच त्रास नाही.

एवढं सांगून ती उठली, आणि पाणी मोरीत ओतून भांडं विसळून ठेवलं.

त्यानंतर दर महिन्याला ती त्या बसने एक पार्सल धाडायला लागली. टपालाने धाडायची नाही, तिला त्या बसचा ड्रायव्हर बरा वाटायचा. तो तिकडे पोचला की पोरीला फोन करायचा आणि ती थांब्यावर येऊन घेऊन जायची. पार्सलात काय, तर लोकरीचे मोजे, पंचा, खोकल्याचं नव्हे पण सर्दीचं औषध, घरी केलेला खाऊ. दगड नव्हते. मी एकदा सुचवलं, लहानपणीचे खडे ट्रंकेत पडलेत, त्यातला एखादा घाल. ती नको म्हणाली. म्हणाली, तिला तो ओळखता आला नाही तर?

कामात तिने एक बदल केला. कवळी फटीतून सरकवायचं सोडून स्वतः वाटी घेऊन बाहेर यायची आणि पेशंटजवळ उभी राहायची. टोचतं का, कुठे टोचतं, विचारायची. डॉक्टर आधी वैतागले, मग त्यांना सवय झाली. म्हातारी माणसं तिला सगळं सांगायची, दाताचंही आणि सुनेचंही. ती तोंडाकडे बघत ऐकून घ्यायची. ते जुनं वाक्य मात्र तिच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही.

छातीने दगा दिलाच. धूळ आत बसलेली होती, आणि तिला घासून काढणारं यंत्र कुठल्या दवाखान्यात नव्हतं. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायची. थांबली की म्हणायची, इथून हवा चांगली लागते. शेवटच्या पार्सलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून खोकला आला नाही. मी आधी चहा टाकला. मग गॅस बंद केला आणि गेले.

बारकी आली. डॉक्टरांनी कळवलं होतं. सगळं तिने शांतपणे केलं. कुणाला काय द्यायचं, कुणाचे आभार मानायचे, भाडं, लाइटचं बिल. मला म्हणाली, तुम्ही खूप केलंत आजी. मी तिला धरून म्हटलं, बारके, राहा ना चार दिवस. म्हणाली, सुट्टी मिळाली नाही हो. ट्रंकेतले खडे तिने कागदावर ओतून पाहिले, एकेक उचलून परत ठेवला. मग कागद गुंडाळून खडे ट्रंकेत टाकले आणि ट्रंक भंगारवाल्याला दिली. रडली असेल तर मला दिसली नाही. भिंतीपलीकडून काही ऐकूही आलं नाही, आणि मी त्या रात्री भांडी घासत नव्हते.

पण मला सांगायचंय ते दातवाली गेली त्याच्या आदल्या संध्याकाळचं. पार्सल न्यायचं होतं आणि तिला एकटीला झेपेना, म्हणून मी बरोबर गेले. माझे गुडघे आणि तिची छाती, दोघी मिळून एक धड बाई होत नव्हतो. दोन गल्ल्यांच्या रस्त्याला एवढा वेळ लागला की वाटेतला चांभार म्हणाला, काय आजी, यात्रेला निघालात का? ती म्हणाली, हो, तुझं दुकान म्हणजे अर्धी वाट.

बस लागलेली होती. ड्रायव्हर खाली उभा राहून काच पुसत होता. त्याने नेहमीसारखा हात पुढे केला, द्या काकू. तिने नेहमीसारखं आधी गाठ ओढून पाहिली.

"आडवं ठेवू नका. वर डबा आहे."

"नाही ठेवत. सीटच्या मागे उभं ठेवतो."

"घ्यायला येते ना?"

"येते की. मी फोन केला की येते."

"काही बोलते?"

"घाईत असते काकू. थँक्यू म्हणते."

"बारीक नाही ना झाली?"

"नाही, आहे तशीच."

तिने मान हलवली. ड्रायव्हरने पार्सल वर नेलं आणि खिडकीतून दाखवलं, उभंच आहे बघा. मग माणसं चढली, दार लागलं, बस मागे येऊन वळली. ती पुढच्या चौकात दिसेनाशी होईपर्यंत दातवाली विजेच्या खांबाला धरून उभी होती. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "चला मावशी, सकाळी दोन साचे ओतायचेत."